दूध तोडलं त्याच दिवशी रेडकू विकू नका



म्हशीला टोणगा झाला की गोठ्यातली भाषाच बदलते. पारडी झाली तर तिला एक सड राखून ठेवतात. टोणगा झाला तर "पान्हा फुटेपर्यंत लावा आणि ओढून घ्या". दोन-अडीच महिन्यांत म्हैस रेडकाशिवाय धार द्यायला लागली की दारात हेडी येतो, उपरण्याखाली बोटं धरतो, आणि रेडकू टेम्पोत चढतं. दूध तुटणं, आई सुटणं, प्रवास आणि बाजार, चारही गोष्टी एकाच दिवशी. माझं स्पष्ट मत आहे की ही पद्धत तोट्याची आहे. आधी दूध तोडा, मग दीड-दोन महिने घरीच ठेवा, आणि मगच विका.

"टोणगा शेवटी खाटकाकडेच जायचा, त्याच्यावर खर्च कशाला?" हे मला दर वेळी ऐकवतात. ठीक आहे, खर्चाचंच बोलू.

रेडकू जन्मतं तेव्हा साधारण ३० किलोचं असतं. वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतकं दूध धरलं तर रोज ३ लिटर. पहिल्या महिन्यात ९० लिटर, दुसऱ्या महिन्यात कमी करत नेलं तर ४५ लिटर. एकूण १३५ लिटर. दूध ६० रुपये लिटर धरा, झाले ८,१०० रुपये. रोज ४०० ग्रॅम वाढ धरली तर दोन महिन्यांत २४ किलो वजन चढलं. म्हणजे नुसत्या दुधाचेच किलोला जवळजवळ ३४० रुपये.

आता दूध तुटल्यानंतरचे दोन महिने. खुराक आणि चारा मिळून रोजचे ५० रुपये धरा, ६० दिवसांचे ३,००० रुपये. वाढ तेवढीच धरली तर किलोला १२५ रुपये. आकडे अंदाजाचे आहेत, तुमच्याकडचा दुधाचा आणि पेंडीचा भाव घालून बघा. पण दुधावरचं वजन महाग आणि चाऱ्यावरचं वजन स्वस्त, हे काही बदलणार नाही. महाग वजन आपण चढवतो आणि स्वस्त वजन चढवायची वेळ आली की रेडकू दुसऱ्याच्या हवाली करतो. नफा कुणाचा ते तुम्हीच सांगा.

यावर काही जण म्हणतील, आम्ही एवढं दूध पाजतच नाही. माहीत आहे. म्हणूनच तर टोणगे महिन्याच्या आत मरतात. आणि रेडकू मेलं की म्हैस आटते, पान्हा सोडत नाही. मग पान्ह्याचं इंजेक्शन सुरू होतं. दूध वाढवायला जनावराच्या तब्येतीला घातक असं काही टोचणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? वाचवलेलं दूध असं दुसऱ्या वाटेनं जातं.

दूध तोडायचं कसं, तर तारीख बघून नाही, रेडकाचं तोंड बघून. जन्मल्यावर तासा-दोन तासांत चीक पोटात गेलाच पाहिजे. गोल जंत म्हशीच्या दुधातूनच रेडकाच्या पोटात जातात, म्हणून १० ते १५ दिवसांत डॉक्टरला विचारून पहिलं जंतनाशक द्या. दुसऱ्या आठवड्यापासून मूठभर काफ स्टार्टर, कोवळा चारा आणि स्वच्छ पाणी पुढ्यात ठेवा. कोठीपोट खुराकानं तयार होतं, दुधानं नाही. रेडकू सलग तीन दिवस रोज किलोभर खुराक खायला लागलं की समजा दूध तोडायची वेळ आली. मग ८-१० दिवसांत दूध हळूहळू कमी करा. त्या आठवड्यात जागा बदलू नका, खाणं बदलू नका, टोचू नका. आधीच त्याच्यावर ताण असतो.

घरी ठेवण्याचं आणखी एक कारण आहे. लाळ्या-खुरकुताची पहिली लस ४ महिन्यांच्या वयाला देतात. दोन-अडीच महिन्यांचं रेडकू बाजारात गेलं म्हणजे लसीविना दहा गावच्या जनावरांत उभं राहिलं. तिकडे अमेरिकेत मांसासाठी गाई पाळणारे बरेच लोक वासरं तोडल्यावर ४५ दिवस लस-खुराक करून मगच विकतात, आणि अशा वासरांना घेणारे चार पैसे जास्त देतात. कारण ती घेणाऱ्याच्या दारात जाऊन आजारी पडत नाहीत.

विकताना बोटांवर नाही, वजनावर बोला. काटा नसेल तर टेप घ्या. पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचात, आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी इंचात. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०. घेर ४० आणि लांबी ३४ असेल तर सुमारे ८२ किलो. थोडा फरक पडेल, पण हेड्याच्या नजरेपेक्षा हे बरं.

कायद्याचंही ध्यानात ठेवा. गाईच्या खोंडाचं गणित राज्यात २०१५ पासून वेगळं झालं, गोवंश हत्याबंदीत बैल आणि वळूही आले. म्हैसवर्ग त्या बंदीत नाही, पण कागद लागतात. कानात १२ अंकी बिल्ला आणि वाहतुकीचा दाखला नसेल तर रस्त्यात अडवतात, आणि ती भीती दाखवून भाव पाडतात.

उन्हाळ्यात चारा नसेल, तर सगळ्यांना दोन महिने जमणार नाही, मान्य. मग निदान खुराकाला लागलेलं रेडकू, चारा असलेल्या शेजाऱ्याला द्या. सडावरून ओढून टेम्पोत घालू नका.

पशुवैद्यक आणि विस्तार खात्यातल्या मंडळींनाही एक सांगणं आहे. शिबिरात दुभत्या म्हशीचा तक्ता मिळतो, पारडीचा मिळतो. टोणग्याचा कधी देणार? शेवटी तो जाणार कुठे हे आपल्याला माहीत आहे. पण जाईपर्यंत तो आपल्या दाव्याला आहे. त्याला उपाशी ठेवणं ना धर्मात बसतं, ना हिशोबात.

तुमच्या भागात रेडकाचं दूध कितव्या महिन्यात तोडतात, आणि विक्री वजनावर होते की नजरेवर? आकड्यानिशी सांगा.