फोटोची जागा, सहीची जागा



गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या सूनबाईंनी बँकेतल्या लिपिकाच्या परीक्षेचा अर्ज भरायचं मनावर घेतलं. वय २७, पदरात तीन वर्षांचं मूल, आणि परीक्षेची वयोमर्यादा २८. म्हणजे हे वर्ष आणि फार तर पुढचं. अर्ज कॉम्प्युटरवरच भरायचा होता. चिरंजीव दौऱ्यावर. मीच म्हटलं, "अगं, कोपऱ्यावरच्या दुकानात दे भरायला. थोड्या पैशांत काम होतं. तू आपली अभ्यासाला बस."

ती अभ्यासाला बसली. पहाटे चारला उठून, डबे करून, मूल उठायच्या आत दोन तास. अर्ज दुकानात भरला गेला, पैसे भरल्याची पावती आली, मी ती घडी घालून देव्हाऱ्यात ठेवली. निरखून कुणीच पाहिली नाही! दुकानातल्या मुलानं घाईत फोटोच्या जागी सही आणि सहीच्या जागी फोटो चढवला होता. अर्ज बाद झाला. परीक्षेला बसताच आलं नाही.

माझ्यासमोर ती काही बोलली नाही. रात्री भांडी घासताना नळ मात्र नको तेवढा मोठा सोडलेला ऐकू येत होता.

दुकानदाराला बोल लावून काय उपयोग? "ते आपलं काम नाही" असं म्हणून मीच तिला तिकडे पाठवलं होतं. म्हणून यंदा आम्ही दोघी मिळून हे काम शिकलो. वाटलं होतं तेवढं अवघड नाही हो! ब्लाउज बेतता येणाऱ्या बाईला हे सहज जमेल. कारण सारा खेळ मापाचा आणि जागेचा आहे.

आधी माप

कॉम्प्युटरवरच्या फोटोला दोन मापं असतात. एक लांबीरुंदीचं, ते पिक्सेलमध्ये. पिक्सेल म्हणजे चित्रातला एक बारीक ठिपका. भरतकामातल्या एका टाक्यासारखा. दुसरं माप वजनाचं, म्हणजे ती फाइल किती जागा खाते त्याचं. ते केबीत किंवा एमबीत. एक एमबी म्हणजे साधारण हजार केबी. फोनवर काढलेला फोटो सहज तीन-चार एमबीचा निघतो, आणि अर्जाच्या रकान्यात मावतात जेमतेम पन्नास केबी. मग कॉम्प्युटर तो नाकारतो आणि आपण घाबरतो.

उदाहरण म्हणून, बँकांच्या भरतीपरीक्षा घेणाऱ्या आयबीपीएस या संस्थेच्या अर्जांत वर्षानुवर्षे मागितली गेलेली मापं पाहा. फोटो २०० बाय २३० पिक्सेल, वजन २० ते ५० केबी. सही १४० बाय ६० पिक्सेल, वजन १० ते २० केबी. सही पांढऱ्या कागदावर काळ्या शाईनं, आणि इंग्रजी कॅपिटल अक्षरांत केलेली चालत नाही. दुसऱ्या अर्जाची मापं वेगळी असतील. तेव्हा शेजारणीनं सांगितलेल्या मापावर जाऊ नका. ज्याचा अर्ज, त्याचीच सूचना वाचा आणि मापं वहीत उतरून घ्या.

आता कृती. सहीसाठी बिनरेघी पांढरा कागद घ्या. सकाळच्या उजेडात खिडकीशी ठेवा. फोन कागदाच्या अगदी वर, सरळ धरा. आपलीच सावली कागदावर पडू देऊ नका. फोटोसाठी पाठीमागे पांढरी किंवा फिकी भिंत, चेहरा समोर, दोन्ही डोळे दिसणारे.

फोनवरून कॉम्प्युटरवर पाठवताना व्हॉट्सअ‍ॅप वापरत असाल, तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. साधा फोटो म्हणून पाठवलात, तर तो वाटेतच दाबला जातो आणि बारकावे पुसट होतात.

कॉम्प्युटरवर 'पेंट' नावाचा साधा कार्यक्रम असतो. फोटो त्यात उघडा. आधी 'क्रॉप' करून कडेचा नको तो भाग कापा आणि चौकट साधारण मागितलेल्या आकाराची करून घ्या. मग 'रिसाइज'मध्ये जाऊन 'पिक्सेल्स' निवडा. तिथे 'मेंटेन आस्पेक्ट रेशो' असं लिहिलेला लहान चौकोन आहे, त्यातली खूण काढू नका. ती काढून रुंदी-उंची बळेच बसवली, तर चेहरा थापलेल्या भाकरीसारखा पसरतो! रुंदी २०० केली आणि उंची २३६ आली, तर खालचे सहा पिक्सेल कापून टाका. ओढाताण करू नका. शेवटी 'जेपेग' म्हणून साठवा, आणि त्या फाइलवर उजवं बटण दाबून 'प्रॉपर्टीज'मध्ये वजन पाहा.

एक खबरदारी. जेपेग फाइल बदलून पुन्हा पुन्हा साठवली की दरवेळी थोडी बिघडते, वारंवार तापवलेल्या तळणाच्या तेलासारखी. म्हणून मूळ फोटोला हात लावू नका, त्याची प्रत घ्या. चुकलं, तर पुन्हा मूळ फोटोपासून सुरुवात करा.

मग जागा

हे झालं अर्जाचं. पण आपल्या घरात आणखी एक कागद नेहमी लागतो: मुलीचा किंवा मुलाचा बायोडेटा. शिवाय महिला मंडळाचा अहवाल, भिशीच्या सहलीची पत्रिका. हे कागद बहुतेक 'वर्ड'मध्ये होतात, आणि तिथे सगळ्यांची एकच तक्रार: "फोटो नीट लावला होता हो, एक ओळ वाढवली आणि कुठल्या कुठे गेला!"

त्याचं कारण असं. 'इन्सर्ट'मधून 'पिक्चर्स' करून फोटो घातला, की वर्ड त्याला सहसा एक भलंमोठं अक्षरच समजतो. याला 'इन लाइन विथ टेक्स्ट' म्हणतात. वर चार शब्द वाढवले, की अक्षर पुढे सरकावं तसा फोटोही सरकतो. फोटोवर टिचकी मारली, की शेजारी 'लेआउट ऑप्शन्स'ची लहानशी खूण येते. तिथे 'स्क्वेअर' निवडलं, तर मजकूर फोटोच्या कडेनं वाहतो. 'टॉप अँड बॉटम'मध्ये मजकूर फक्त वर आणि खाली राहतो. 'बिहाइंड टेक्स्ट'मध्ये फोटो मजकुराच्या मागे जातो, आणि 'इन फ्रंट ऑफ टेक्स्ट'मध्ये तो मजकुरावर बसून अक्षरं झाकतो. पण सुटा केलेला फोटोही आतून कुठल्या तरी परिच्छेदाला बांधलेला असतो. तो परिच्छेद हलला, की फोटो त्याच्यामागोमाग निघाला.

बायोडेट्यासाठी माझा अनुभवाचा सल्ला: फोटोला आधी खोली बांधून द्या. 'इन्सर्ट'मधून 'टेबल' घ्या, एक ओळ आणि दोन रकाने. डाव्या रकान्यात नाव, जन्मतारीख, शिक्षण, उजव्यात फोटो. रकाना फोटोमुळे ताणला जाऊ नये म्हणून 'टेबल प्रॉपर्टीज'मधल्या 'ऑप्शन्स'मध्ये जाऊन 'ऑटोमॅटिकली रिसाइज टू फिट कंटेंट्स'समोरची खूण काढा. फोटो लहान करताना कोपऱ्याला धरून ओढा, बाजूला धरून नव्हे. नेहमीचा पासपोर्ट फोटो साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचा, तेवढा पुरे. शेवटी टेबलाच्या रेघा 'नो बॉर्डर' करून घालवा. खोली राहते, भिंती दिसत नाहीत! बाहेर कितीही मजकूर वाढवा, फोटो आपल्या नावाची सोबत सोडत नाही.

झाकलेलं उघडं पडू नये

आता एक नाजूक गोष्ट. लग्नसमारंभातल्या फोटोतून आपण मुलीचा चेहरा तेवढा ठेवतो आणि बाकीचे कापतो. पण वर्डमध्ये 'क्रॉप' केलेला भाग जात नाही बरं का! तो फक्त झाकला जातो. ज्याच्या हाती ती फाइल जाईल, तो पुन्हा क्रॉप उघडून शेजारी कोण उभं होतं ते पाहू शकतो. त्यासाठी फोटो निवडून 'कॉम्प्रेस पिक्चर्स'मध्ये जा, 'डिलीट क्रॉप्ड एरियाज ऑफ पिक्चर्स'वर खूण करा आणि मग साठवा. त्यानं फाइलचं वजनही उतरतं.

आणि दुकानात काम करून घेतलंत, तर निघताना आपला फोटो आणि सही तिथल्या कॉम्प्युटरवरून पुसायला सांगा. समोर उभं राहून पुसून घ्या. आपली सही म्हणजे किल्ल्यांचा जुडगा. तो कुणी दुसऱ्याच्या ओट्यावर विसरून येतं का?

मराठी अक्षरांचं

काही वेळा घरी सुबक दिसलेला मराठी मजकूर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर इंग्रजी अक्षरांचा कचरा होऊन उमटतो. जुन्या मराठी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या घरात मराठी आकार बसवलेला असे. तो फॉन्ट दुसरीकडे नसला, की मूळ इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. १९९१ साली आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळाला आहे. म्हणून टंकलेखन युनिकोडमध्येच करा. 'मंगल', 'निर्मला' हे फॉन्ट त्याच जातीचे.

काम पूर्ण झालं, की पाठवताना 'सेव्ह अ‍ॅज'मध्ये जाऊन पीडीएफ करा. सर्वसाधारणपणे पीडीएफ आपले फॉन्ट बरोबर घेऊन जाते, त्यामुळे समोरच्याला पान जसंच्या तसं दिसतं. वर्डची फाइल मात्र जपून ठेवा. पुढे जन्मवेळ दुरुस्त करायची झाली, तर तीच लागेल.

शेवटचा डोळा

अर्ज पाठवण्याआधी 'प्रिव्ह्यू' दिसतो. तिथे घाई करू नका. फोटोच्या जागी फोटो, सहीच्या जागी सही, नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख. दुसऱ्या कुणालाही एकदा पाहायला सांगा. मीठ चाखायला नाही का आपण शेजारच्या जिभेला बोलावत!

यंदा सूनबाईंनी अर्ज स्वतः भरला. सही तीनदा केली, दोनदा फोटो पुन्हा काढला. वजन दहा केबीच्या खाली गेलं, तेव्हा वैतागली. मग पुन्हा मूळ फोटोपासून सुरुवात केली. शेवटचं बटण दाबण्याआधी मला हाक मारली, "आई, एकदा बघता का?" मी चष्मा पुसला आणि एकेक रकाना बोटानं दाखवत मोठ्यानं वाचला. तेव्हा कुठे तिनं बटण दाबलं.

परीक्षा व्हायची आहे, निकाल लागायचा आहे. तो तिच्या अभ्यासाचा. पण पावती यंदा मी देव्हाऱ्यात ठेवली नाही. तिनंच ती उघडून पुन्हा एकदा वाचली, आणि आपल्या पुस्तकात ठेवली.