दोष लाडांचा नव्हे



वर्गात स्वस्थ न बसणारी मुलं घरच्या लाडांनी बिघडलेली असतात, हे गेल्या अंकातील पत्र वाचून फार वाईट वाटलं. माझा मुलगा पहिलीत आहे. फळ्यावरचं वाक्य उतरवताना तिसऱ्या शब्दाला पेन्सिल पडते आणि ती शोधायला वाकलेला तो बाकाखालीच रमतो. वहीत रोज लाल शेरा! धपाट्यांनी हे थांबत नाही.

अशा वागण्यामागे एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता, असू शकते; ती मेंदूच्या विकासाशी निगडित आहे. तरी शाळेनेही परस्पर शिक्का मारू नये. लक्षणं किमान 6 महिने, घरी आणि शाळेतही दिसावी लागतात. नजर, कान, झोपही तपासावी लागते. 6 वर्षांखालील मुलांसाठी तर पालकांचं प्रशिक्षण आधी, औषध नंतर. निदान होईपर्यंत पुढचा बाक आणि एका वेळी एकच सूचना, एवढं शाळेने जरूर करावं.

– एक आई, नाशिक