देशाटन कोणाचे?

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात महाकाळ्याजवळ समर्थ सहकारी साखर कारखान्याभोवती अंकुशनगरची वसाहत उभी आहे. धुळे-सोलापूर महामार्ग या भागातून जातो. त्याच महामार्गाने उत्तरेस शंभर किलोमीटरच्या आसपास गेले की वेरूळ येते. गळीत हंगामाच्या तोंडावर या रस्त्याने ऊसतोड कामगारांच्या टोळ्या जाऊ लागतात. काही मराठवाड्यातल्याच कारखान्यांवर उतरतात, तर बऱ्याच सोलापूर, सांगली, कोल्हापूर आणि थेट कर्नाटकाच्या सीमाभागापर्यंत पोचतात. संसार ट्रकमध्ये, लेकरे गाठोड्यांवर आणि कोयते पोत्यात. हंगाम संपल्यावर याच रस्त्याने दुसऱ्या प्रकारचे प्रवासीही निघतात. पगारदारांच्या घरातील तरुण मोटारसायकलवर सामान बांधून लडाखच्या, स्पितीच्या किंवा एखाद्या अनवट शहराच्या वाटेला लागतात. दोघेही शेकडो मैल जातात. परंतु एकाच्या जाण्याला पर्यटन म्हणतात आणि दुसऱ्याच्या जाण्याला स्थलांतर. हा केवळ शब्दांचा फरक नव्हे. त्यामागे मिळकतीचा आणि रजेचा फरक आहे.

साहसी प्रवासासाठी पैसे कसे साठवावेत, याचे उपदेश आज उदंड झाले आहेत. दरमहा पगारातून ठराविक रक्कम बाजूला टाकावी, वर्षभर आधी बेत आखावा, गर्दीच्या स्थळांऐवजी आडवाटेची गावे निवडावीत, असा त्यांचा सूर असतो. उपदेश वाईट नाही. मात्र त्यात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. महिनाअखेर हाती काही उरते, ही पहिली. आणि प्रवासाला गेल्याने रोजी बुडत नाही, ही दुसरी. ज्याच्या बाबतीत ही दोन्ही गृहीतके खोटी ठरतात, त्याला काटकसरीचे महत्त्व सांगणे म्हणजे कोरड्या विहिरीवर दोर लांब करण्याचा सल्ला देणे होय.

हिशेबच मांडून पाहावा. जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या तडजोडीनुसार ऊसतोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला २७३ रुपयांवरून ३६६ रुपयांवर गेला. एका कोयत्याने, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीने, दिवसाला दोन टन ऊस तोडला असे धरले तर दोघांची मिळून ७३२ रुपये मजुरी होते. दीडशे दिवसांच्या हंगामात ती १ लाख ९ हजार ८०० रुपये भरते. या जोडीने मुकादमाकडून एक लाखाची उचल घेतली असेल, तर पाच महिन्यांच्या श्रमानंतर ९,८०० रुपये उरतात. त्यातूनच आठवड्याची खर्ची वजा होते, आजारपणात पडलेल्या खाड्याचा दंडही त्यातूनच जातो. हंगाम संपताना बाकी शिल्लक राहते ती बहुधा मुकादमाची. पगारदार आधी साठवतो आणि मग निघतो. ऊसतोड कामगार आधी कर्ज घेतो आणि ते फेडण्यासाठी निघतो. त्याच्या प्रवासाचे नियोजन चोख असते, पण ते दुसऱ्याने केलेले असते.

मराठी प्रवासवर्णनाच्या इतिहासाने हा भेद फार पूर्वी नोंदवला आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले ते निसर्गशोभा पाहण्यासाठी नव्हे. घरावर कर्ज होते आणि दक्षिणेच्या आशेने त्यांनी घर सोडले होते. ‘माझा प्रवास’ या ग्रंथाचे मूळ अशा विवंचनेत आहे. अण्णाभाऊ साठे यांच्या आयुष्यात तर दोन्ही प्रवास घडले. पोटासाठी वडिलांबरोबर वाटेगावाहून मुंबईपर्यंत केलेली पायपीट हा एक, आणि १९६१ साली केलेला रशियाचा प्रवास हा दुसरा. पहिला गरजेने लादला होता, दुसऱ्याची त्यांनी मनापासून इच्छा धरली होती. ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिला गेला, कारण तो दुसरा प्रवास त्यांच्या वाट्याला आला. अशी इच्छा किती जणांनी धरली असेल आणि किती जणांची मनातच विरली असेल, याची मोजदाद कोणत्याही पंचवार्षिक योजनेने केली नाही.

येथे पुरोगामी वर्तुळातूनच एक आक्षेप येतो. भाकरीचा प्रश्न सुटलेला नसताना सहलींची भाषा कशासाठी? ही तर मध्यमवर्गीय चंगळ! हा आक्षेप वरकरणी कठोर वाटतो, पण आत तो कष्टकऱ्याला कमी लेखणारा आहे. माणसाला भूक फक्त पोटाची असते आणि कुतूहल ही सुखवस्तूंची मिरास आहे, असे त्यात धरलेले असते. वस्तुस्थिती उलट आहे. रामदासांचे जन्मगाव जांब याच जालना जिल्ह्यात आहे, आणि परंपरा सांगते की त्यांनी बारा वर्षे पायी देशाटन केले. पंढरीच्या वारीला जाणारा अल्पभूधारक वर्षभर पैसा-पैसा साठवतो, दिंडीची भिशी भरतो, पेरणीचा मेळ घालून निघण्याचा दिवस ठरवतो. प्रवासासाठी बचत आणि नियोजन करण्याची ही शिस्त कोणत्याही पर्यटन कंपनीच्या जन्माआधीची आहे. साहसालाही पैशाची थैली लागतेच असे नाही. बाबा आमटे यांच्या प्रेरणेने १९८५ साली तरुण कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले ते सायकलवर. साने गुरुजींची आंतरभारती तरी दुसरे काय सांगत होती? एका प्रांताच्या मुलांनी दुसऱ्या प्रांताचे जीवन जाऊन पाहावे, हेच ना? देश पाहणे ही चंगळ असेल, तर मग देशावर प्रेम कशाच्या आधारावर करायचे?

युरोपातील समाजवाद्यांनी हा प्रश्न गौण मानला नाही. १९३६ साली फ्रान्समध्ये लेआँ ब्लुम यांचे सरकार आले आणि कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळाली. लेओ लाग्रांज यांनी त्याला रेल्वेच्या सवलतीच्या तिकिटाची जोड दिली. भाड्यात ४० टक्के सूट होती. त्या उन्हाळ्यात लाखो कामगार कुटुंबे प्रवासाला निघाली आणि त्यांतील अनेकांनी समुद्र प्रथमच पाहिला. विरोधकांनी लाग्रांज यांच्या खात्याची ‘आळसाचे मंत्रालय’ म्हणून टवाळी केली. ती टवाळी इतिहासजमा झाली, रजा मात्र टिकली. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या चोविसाव्या कलमात विश्रांती, फुरसत आणि ठराविक काळाने मिळणारी पगारी सुटी यांना हक्क म्हणून स्थान मिळाले.

त्याच वर्षी भारतात कारखाना कायदा झाला. वर्षात २४० दिवस काम केलेल्या कामगाराला वीस दिवसांमागे एक पगारी रजा त्याने दिली. २०२० च्या कामगार संहितेने ही अट १८० दिवसांवर आणली. दीडशे दिवसांचा हंगाम करणारा ऊसतोड कामगार दोन्ही अटींच्या अलीकडेच राहतो. शिवाय तो कारखान्याचा कामगार आहे हेच मुळी मान्य होत नाही. ऊस कारखान्याचा, माणूस मुकादमाचा, अशी ही सोयीची वाटणी आहे. दुसरीकडे सरकारी नोकरांना रजा प्रवास सवलत असते आणि राज्याच्या नोकरांना ‘महाराष्ट्र दर्शना’चीही सोय आहे. ती काढून घ्यावी असे कोणी म्हणणार नाही. परंतु नोकरदाराने प्रवास केला तर राज्य भाडे देते आणि मजुराने केला तर खाडा पडतो, ही व्यवस्था समतेच्या कोणत्या सूत्रात बसते?

उपाय अशक्य कोटीतला नाही. तोडणीच्या दरावर टनामागे दहा रुपये कामगाराच्या नावे प्रवासनिधीत जमा व्हावेत आणि तेवढेच दहा कारखान्याने घालावेत. हे दहाही रुपये दरवाढीतून यावेत. आजच्या मजुरीला हात लागू नये. हंगामात ३०० टन तोडणाऱ्या जोडीच्या खात्यावर सहा हजार रुपये जमतील. हा पैसा मुकादमाला उचलीपोटी वळता करता येऊ नये, ही अट मात्र अनिवार्य हवी. एस.टी.चा ‘आवडेल तेथे प्रवास’ हा पास १९८८ पासूनचा आहे, आणि मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.त निम्मे भाडे आहे. पट्टा पडल्यावर, परतीच्या वाटेवरच आठवड्याचा पास टोळीच्या हाती ठेवला, तर ज्या कुटुंबाने कोल्हापूर म्हणजे फड, कोपी आणि वजनकाट्यावरची रांग एवढेच पाहिले, ते रंकाळा आणि पन्हाळा पाहील. मराठवाड्यातल्या फडावर राबलेले कुटुंब वेरूळला जाईल.

कारखान्याला हे परवडणार नाही, असे उत्तर येईल. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये उसाचा दर ठरवला. त्यापुढे वीस रुपयेसुद्धा शेकड्याला एक रुपयाहून कमी पडतात. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ अस्तित्वात आहे. त्याच्या कामात विमा आणि वसतिगृहे यांच्या जोडीला हा निधीही बसतो. प्रश्न रकमेचा नाही. ऊस तोडणाऱ्या माणसालाही सुटी असावी, हे मान्य करण्याचा आहे.

म्हणून पुढच्या करारात दराच्या आकड्याबरोबर तीन मागण्या लेखी याव्यात: हंगामी कामगाराला कामाच्या दिवसांच्या प्रमाणात पगारी रजा, मुकादमाच्या आवाक्याबाहेरचा प्रवासनिधी आणि हंगामाअखेरीस कुटुंबाला एस.टी.चा पास. दरवाढीसाठी कोयता बंद ठेवण्याची ताकद ज्या संघटनांनी दाखवली, त्यांना या मागण्या अवघड नाहीत. ट्रकमधील गाठोड्यावर बसून महाराष्ट्र ओलांडणाऱ्या मुलाला तो महाराष्ट्र एकदा खिडकीजवळ बसून, आपल्या आईबापाच्या पैशाने आणि कोणाचे देणे नसताना पाहता यावा. सहकाराच्या नावाने उभ्या असलेल्या धुराड्यांकडे एवढे मागण्यात याचना नाही. ते त्याच्या आईबापांच्या श्रमाचेच येणे आहे.