गर्भसंभव कोणाचा?

कांहीं वर्षांपूर्वीं डिसेंबरच्या ८ तारखेस आम्ही पणजीस होतों. शहराच्या मध्यावर, टेकडीच्या उतारास, जें पांढरेंशुभ्र चर्च आहे आणि ज्याच्या पायऱ्या नागमोडी वळणें घेत वर जातात, त्याच्या वार्षिक सणाचा तो दिवस होता. बरोबर एक विद्वान स्नेही सहकुटुंब होते. त्यांच्या दहा वर्षांच्या मुलीनें विचारलें, “बाबा, आज कसला सण?” “येशू ख्रिस्त बापावांचून आईच्या पोटीं आला, तो हा दिवस,” असें स्नेह्यांनीं तत्काळ सांगितलें. मुलीनें बोटांवर कांहीं मोजलें आणि ती म्हणाली, “मग नाताळ सतरा दिवसांनीं कसा?” स्नेही हसले. “चमत्कारच तो, त्याला हिशेब कसला!”

मुलीचा हिशेब बरोबर होता. उत्तर बापाचें चुकलें होतें. पण गोष्ट एवढ्यावर थांबती तर आम्ही लेखणी उचलली नसती. पुढें एका व्याख्यानांत स्नेह्यांनीं हाच घोटाळा केला, त्यावर टाळ्या मिळविल्या, आणि आम्हीं पत्रानें चूक दाखविली तेव्हां ‘दोन्ही थोतांडेंच, कोणतें कोणाचें याचा खल कशाला?’ असें उत्तर धाडलें. आमचें भांडण आहे तें या उत्तराशीं.

८ डिसेंबरचा सण येशूच्या गर्भधारणेचा नव्हेच. येशूची आई मरीया आपल्या आईच्या उदरीं आली, त्याचा तो सण आहे. मरीयेचा जन्मदिवस रोमन कॅथलिक पंचांगांत ८ सप्टेंबरला येतो. महिने मोजावे, नऊ भरतात. येशूच्या आगमनाची वार्ता देवदूतानें मरीयेस दिली तो दिवस २५ मार्चचा, आणि तेथून नाताळपर्यंतहि नऊच. चमत्काराला हिशेब नसेल, पण चर्चच्या पंचांगाला आहे.

मरीयेला बाप होता. परंपरा त्याचें नांव योआखीम आणि आईचें अन्ना असें सांगते; तीं नवराबायको होतीं आणि मूल जसें होतें तसेंच त्यांना मूल झालें. मग ‘निष्कलंक गर्भसंभव’ कशाचा? आदामाच्या अपराधामुळें प्रत्येक मनुष्यास जें जन्मजात पाप चिकटतें, तें मरीयेस पहिल्या क्षणापासूनच चिकटलें नाहीं, एवढाच त्याचा अर्थ. येशूला मानवी पिता नव्हता हा सिद्धांत निराळा आणि फार जुना. आपल्या भाषेंत ‘गर्भसंभव’ शब्द कोणाचा तें सांगत नाहीं, म्हणून घोटाळ्यास वाव राहतो हें खरें. परंतु ज्यानें टीका करावयाची त्यानें निदान षष्ठी कोणाची तें विचारावें.

स्नेह्यांच्या व्याख्यानाचा सारा भर असा होता कीं, येशूच्या आईचा तेवढा गर्भ निष्कलंक म्हटल्यानें जगांतल्या बाकीच्या सर्व आयांचे गर्भ कलंकित ठरतात. यांत स्त्रीजातीचा अपमान आहे. आक्षेप ऐकावयास जोरदार आहे, आणि त्यांत सत्यांशहि आहे. हें पाप कामवासनेच्या वाटेनें पिढ्यानपिढ्या उतरतें, असें ऑगस्टाइननें पांचव्या शतकांत मानलें होतें, आणि त्या मताची छाया पाश्चात्य ख्रिस्ती विचारावर फार काळ राहिली. पण ज्या सिद्धांतावर स्नेही तुटून पडले तो नेमकें उलट सांगतो. चारचौघांसारख्या दांपत्याच्या सहवासांतून झालेलें मूलच तेथें निष्कलंक म्हटलें आहे! दगड चुकीच्या घरावर मारला, आणि तो मारणाऱ्याच्याच युक्तिवादास लागला.

‘दोन्ही एकच’ म्हणणें म्हणजे शतकानुशतकें माणसें कशासाठीं भांडलीं हें पुसून टाकणें होय. मरीयेच्या निष्कलंकतेवर खुद्द कॅथलिकांतच एकमत नव्हतें. थॉमस अक्वाइनसनें ती मानली नाहीं. फ्रान्सिस्कन डन्स स्कोटस यानें तिचें समर्थन केलें. दोन्ही पंथांचे साधु एकमेकांस पाखंडी म्हणूं लागले, तेव्हां चौथा सिक्स्टस या पोपास १४८३ त तसें म्हणण्यास बंदी घालावी लागली. पोर्तुगालच्या राजानें १६४६ मध्यें निष्कलंक मरीयेस आपल्या राज्याची आश्रयदात्री मानलें; परंतु नवव्या पायसनें ही गोष्ट अवश्य मानावयाचा सिद्धांत म्हणून जाहीर केली ती १८५४ च्या ८ डिसेंबरला. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्च मरीयेस ‘देवमाता’ म्हणून पूजितें आणि तरीहि हा सिद्धांत नाकारतें, कारण जन्मजात दोषाची ऑगस्टाइनची कल्पनाच त्याला मान्य नाहीं. प्रॉटेस्टंट त्यास शास्त्राधार नाहीं म्हणून सोडतात. अर्थात् येशूचा कुमारीजन्म मनोभावें मानणारे कोट्यवधि ख्रिस्ती ८ डिसेंबरचा सिद्धांत मानीत नाहींत. स्नेह्यांनीं या सर्वांस एका दाव्यांत आरोपी केलें.

आमच्याकडचा दुसरा प्रकार उदारपणाचा. ‘त्यांचा येशू तसा आमचा कर्ण!’ असें म्हणून लोक हात मिळविण्यास पुढें येतात. पण कुंतीकडे सूर्य येतो तो पुरुषरूपानें, आणि कर्णाचा तो बापच असतो. लूकच्या कथेंत असा समागम नाहीं. तेथें कोणी देव मरीयेचा पति होत नाहीं. येशूस ‘अयोनिज’ म्हणणारे तर शब्दाचाहि अर्थ विसरतात. तो नऊ महिने आईच्या पोटांत राहून जन्मला, हेंच ख्रिस्त्यांस आग्रहानें सांगावयाचें असतें. आणि मधमाशीचा नर फलनावांचून जन्मतो, हा दाखला देणाऱ्या भाविकांस काय म्हणावें? मनुष्यांत पुत्रास लागणारें वाय गुणसूत्र येतें तें बापाकडूनच.

एवढें सांगितल्यावर दुसऱ्या बाजूसहि दोन शब्द सुनावले पाहिजेत. कुमारीजन्म ही श्रद्धेची कसोटी आहे, तो न मानणारा ख्रिस्तीच नव्हे, असें म्हणणारे थोडे नाहींत. अमेरिकेंतील प्रेसबिटेरियन महासभेनें १९१० मध्यें उपदेशकपदाच्या उमेदवारांनीं मानावयाच्या पांच गोष्टींत ही घातली. १९२४ मध्यें हजारांहून अधिक उपदेशकांनीं त्या सक्तीस विरोध केला, आणि मंडळ्या दुभंगण्याची वेळ आली. आम्ही ख्रिस्ती नाहीं; पण त्यांचा ग्रंथ वाचतां येतो. ही कथा मत्तय आणि लूक यांत आहे. तीहि एकांत योसेफाच्या स्वप्नाच्या, दुसऱ्यांत मरीयेच्या संवादाच्या रूपानें. दोघेहि वंशावळ मात्र योसेफामार्गेंच लावतात. बहुतेक पंडित ज्यास सर्वांत जुनें शुभवर्तमान मानतात, त्या मार्कच्या ग्रंथाचा आरंभ येशूच्या बाप्तिस्म्यापासून होतो. पौल त्याहूनहि जुना. तो गलतीकरांस लिहितांना येशू ‘स्त्रीपासून जन्मला’ एवढेंच म्हणतो. जी गोष्ट न सांगतां पौलानें मंडळ्या स्थापिल्या, ती न मानणाऱ्याचा उपदेशकपदाचा हक्क कोणत्या न्यायानें जातो?

भविष्यवाणीचा आधार देतात तोहि बेताचाच. यशयाच्या हिब्रू वचनांतील शब्दाचा अर्थ ‘तरुणी’. ग्रीक भाषांतरांत ‘कुमारी’ असा शब्द पडला, आणि मत्तयानें तो घेतला. १९५२ त अमेरिकेंत निघालेल्या भाषांतरानें मूळ हिब्रूप्रमाणें ‘तरुणी’ छापतांच एका धर्मोपदेशकानें त्या पानास काडी लावली. पान जळालें, व्याकरण जळलें नाहीं.

आणि ज्यांना कुमारीजन्मावरून येशूचें ईश्वरत्व सिद्ध करावयाचें आहे त्यांनीं कुराण उघडावें. तेथें मरीयेच्या नांवाचा एक सबंध अध्याय आहे. येशू कुमारीच्या पोटीं जन्मला हें प्रत्येक श्रद्धाळु मुसलमान मानतो, आणि तो देवाचा पुत्र नव्हे हेंहि तितक्याच निश्चयानें मानतो. आदामास तर आईहि नव्हती, हा त्याचा जबाब. म्हणजे पौल कुमारीजन्माचा उच्चार न करतां ख्रिस्तापाशीं पोंचतो, आणि मुसलमान तो मान्य करूनहि पोंचत नाहीं. जन्मकथेवरून कोणी येशूकडे जात नाहीं. ज्यांना तो आधींच पटलेला असतो त्यांना ती कथा पटते. हें पहारेकऱ्यांनीं ओळखलें तर बाहेर काढण्याचा उद्योग थांबेल, आणि थट्टेखोरांनीं ओळखलें तर व्याख्यानांतली टाळी जाईल. म्हणूनच दोघांनाहि तें नको असावें.

पायऱ्या उतरतांना आम्हीं त्या मुलीस खरी गोष्ट सांगितली होती. तिनें ऐकून घेतलें व विचारलें, “मग मरीयेच्या आईला डाग होता का? आणि तिच्या आईला?” बाराव्या शतकांत बर्नार्डनें हा सण सुरू करणाऱ्या ल्यों येथील धर्माधिकाऱ्यांस पत्र लिहून नेमका हाच प्रश्न केला होता: मग आजोबा-पणजोबांचेहि सण कां करूं नयेत? तिचे वडील मोटार पाहण्यास पुढें गेले होते. त्यांनीं तो ऐकला नाहीं.