आधी स्टँड, मग कूलंट, मग मशीन

गेल्या काही वर्षांत माझ्या ओळखीतल्या निदान चार सॉफ्टवेअरवाल्यांनी छोटं मिलिंग मशीन घेतलंय. थ्रीडी प्रिंटरचा कंटाळा आला, प्लॅस्टिकचे भाग तुटायला लागले, की पुढची पायरी ही ठरलेलीच. मशीन आलं की फोन फोटोंनी भरतो. स्पिंडलचा फोटो, डिजिटल रीडआउटचा फोटो, कापलेल्या पहिल्या अ‍ॅल्युमिनियमच्या तुकड्याचा फोटो. मी मात्र प्रत्येक फोटोत एकच गोष्ट शोधतो : हे ठेवलंय कशावर? उत्तर बहुतेक वेळा एकच असतं. जुन्या कॉम्प्युटर टेबलावर, नाहीतर ज्या लाकडी खोक्यातून ते आलं त्याच खोक्यावर. आणि कूलंट? "ते नंतर बघू रे."

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. छोट्या मिलिंग मशीनच्या बजेटमध्ये स्टँड आणि कूलंट या दोन गोष्टी "नंतर बघू"च्या यादीत नकोत. फिनिश चांगलं यावं हे त्याचं एक कारण झालं. मोठं कारण हे की त्या मशीनसमोर जो माणूस उभा राहणार, त्याची कंबर, त्याचे हात आणि त्याची फुप्फुसं या दोन गोष्टींवर अवलंबून असतात. आणि तो माणूस दरवेळी मशीन विकत घेणाराच असतो असं नाही. पण त्याकडे नंतर येतो.

आधी स्टँड. आता तुम्ही म्हणाल, मशीन ६० किलोचं, टेबल आरामात २०० किलो पेलतं, मग अडचण काय? अडचण ही की वजन पेलणं आणि न हलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मिलिंगमध्ये कटर धातूला सलग घासत नाही, ठोके मारत जातो. दोन धारांचा कटर ६०० आरपीएमला फिरला तर सेकंदाला २० ठोके बसतात. पातळ पत्र्याच्या किंवा प्लायच्या टेबलाची डुलण्याची स्वतःची लयसुद्धा साधारण त्याच टप्प्यात कुठेतरी असू शकते. दोघांची लय जुळली की झोपाळ्याला वेळेवर धक्का दिल्यासारखं होतं. मशीनला सीएनसी बसवलेलं असेल तर टेबल झटक्याने दिशा बदलतं, तेव्हाही तेच.

इथे शाळेतलं एक गणित उपयोगी पडतं. उभ्या पायाची लांबी दुप्पट केली की बाजूला झुकण्याविरुद्धचा त्याचा ताठपणा आठवा हिस्सा उरतो. म्हणून नुसते चार लांब पाय म्हणजे स्टँड नव्हे. पायांमध्ये तिरके पट्टे हवेत, त्रिकोण व्हायला हवेत. हे काही रॉकेट सायन्स नाही. गल्लीतला ग्रिलवाला ५० बाय ५०च्या चौकोनी ट्यूबमधून दोन दिवसांत वेल्ड करून देतो. ट्यूबमध्ये कोरडी वाळू भरली की थरथर आणखी कमी होते, आणि तो 'टण्ण' आवाज जाऊन 'ठप्प' येतो. वर मशीनचं डोकं जड असतं, तेव्हा मशीन स्टँडला बोल्ट करायचंच, नुसतं ठेवायचं नाही.

पण इथेच खरी गंमत आहे. वेल्डिंग केलं की वरची प्लेट थोडी तरी वाकतेच. मशीनचा बिडाचा तळ मशीनिंग केलेला, सपाट. वाकड्या प्लेटवर तो बोल्टने आवळला की प्लेट सरळ होत नाही, तळ पिळला जातो! मग लोक महिनाभर "चायनीज मशीन आहे, चौकोन चौकोन येत नाही" असं रडत बसतात. आमच्या शेजारच्या काकांनी टूलरूममध्ये आयुष्य काढलंय. ते सांगतात, "एकेक बोल्ट आवळ आणि डायलकडे बघ. काटा हलला तर त्या पायाखाली शिम घाल." एवढंच. अर्ध्या तासाचं काम. आपण सर्व्हरवर कोड टाकण्याआधी दहा टेस्ट चालवतो, ही एक चालवायला काय हरकत आहे?

एक मात्र मान्य करायला हवं. स्टँड कितीही भारी केला तरी मशीनचा सडपातळ कॉलम जाड होत नाही. चॅटरचं मूळ अनेकदा कॉलममध्ये किंवा बाहेर लांब काढलेल्या कटरमध्ये असतं. पण स्टँड पक्का असेल तर निदान दोष कुठे शोधायचा ते कळतं.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी आणखी एक आकडा. आय.एस. ८७५ या भारतीय मानकात घरातल्या खोल्यांसाठी धरलेला भार चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने २०० किलो आहे. थोडं मोठं, १६०-१७० किलोचं मशीन, वर वाळू भरलेला स्टँड, टाकी आणि समोर तुम्ही, म्हणजे एका कोपऱ्यात ३०० किलोच्या वर गेलात. स्लॅब लगेच कोसळेल असं नाही, पण ते खोलीच्या मधोमध ठेवू नका, बीमजवळ भिंतीला लागून ठेवा, आणि स्ट्रक्चरल इंजिनियर ओळखीचा असेल तर एक फोन करा.

आणि उंची! याबद्दल कोणीच बोलत नाही. आपल्याकडे स्वयंपाकाचा ओटा जसा घरातली बाई किती उंच आहे हे न विचारता ठरलेल्या मापाने बांधतात, तसंच मशीनचं. साधा नियम : व्हाइसचा जबडा उभ्या माणसाच्या कोपराच्या आसपास यावा. १७० सेंमी उंचीच्या माणसाचं कोपर साधारण १०५ सेंमीवर येतं. मशीनच्या तळापासून जबड्यापर्यंत २५-३० सेंमी जातात, म्हणजे स्टँड ७५च्या आसपास. खोक्यावर ठेवलेल्या मशीनवर माणूस दिवसभर वाकून उभा असतो. आपल्याला ऑफिसात खुर्चीची उंची जुळवून द्यायला माणूस येतो, मॉनिटर डोळ्यांच्या रेषेत आहे का ते तपासून जातो. तेच आपण एखाद्या शेडमध्ये दुसऱ्यासाठी मशीन लावतो तेव्हा विसरतो.

आता कूलंट. या विषयाची जन्मकथा मला फार आवडते. फ्रेडरिक टेलर, तोच तो स्टॉपवॉचवाला, फिलाडेल्फियाच्या मिडवेल स्टीलमध्ये होता. टूल जिथे धातू कापतं तिथे पाण्याची जाड धार सोडली तर कापण्याचा वेग ३० ते ४० टक्क्यांनी वाढवता येतो, हे त्याला प्रयोगांतून कळलं. १८८४ साली तिथे नवीन मशीन शॉप बांधलं, तेव्हा प्रत्येक मशीन लोखंडी परातीत बसवलं. पाण्यात गंज लागू नये म्हणून सोडा. परातीतलं पाणी जमिनीखालच्या नळांतून एका विहिरीत, तिथून पंपाने वरच्या टाकीत, टाकीतून पुन्हा प्रत्येक मशीनवर. म्हणजे बघा, परात, निचरा, टाकी, पंप ही पूर्ण साखळी इमारत बांधतानाच विचारात घेतली होती. आपण मात्र आज मशीन घेतो आणि मग "अरे, पाणी जाणार कुठे?" असं विचारतो.

पण छोट्या मशीनला धो-धो कूलंट लागतंच का? माझं मत : बहुतेकदा नाही. बीड आणि पितळ कोरडंच छान कापलं जातं. कार्बाइडचा कटर स्टीलमध्ये चालवताना तर अर्धवट कूलंट नुकसानच करतं, कारण मिलिंगमध्ये धार दर फेरीत तापते आणि बाहेर येऊन थंड होते. त्यात वरून पाण्याचे शिंतोडे पडले की उष्णतेच्या धक्क्यांनी बारीक तडे जातात. तिथे नुसती हवेची फुंकर बरी. अ‍ॅल्युमिनियमची गोष्ट वेगळी. ते धारेला चिकटतं, आणि चिप्स खाचेत साठल्या की कटर त्याच पुन्हा पुन्हा कापत बसतो. पण तिथेही हवा आणि ब्रशने लावलेलं थोडं कटिंग ऑइल पुरतं. खरं शत्रुत्व उष्णतेपेक्षा साठलेल्या चिप्सशी आहे.

म्हणून माझा क्रम असा : आधी ट्रे, मग हवा, आणि खरोखर तासन् तास काम चालणार असेल तरच फ्लड कूलंट. ट्रे मात्र पहिल्या दिवसापासून हवा, स्टँडचाच भाग म्हणून. काठ दोन-तीन इंच उंच, एका कोपऱ्याकडे उतार, तिथे भोक आणि त्यावर जाळी. बऱ्याच छोट्या मशीनच्या बेडला कडेने पन्हळ नसते, त्यामुळे पाणी चारही बाजूंनी ओघळतं. ट्रे बेडच्या पूर्ण सरकण्यापेक्षा मोठा नसेल तर ते थेट फरशीवर. खालच्या टाकीत एक आडवी पट्टी घाला, म्हणजे गाळ अलीकडे बसेल आणि पंप पलीकडचं स्वच्छ पाणी ओढेल.

आणि कृपा करून, पंपाच्या लाइनवर ३० मिलीअँपचा आरसीसीबी लावा. २३० व्होल्टचा पंप, ओली फरशी, लोखंडी मशीन आणि त्यावर ठेवलेले ओले हात. हे कॉम्बिनेशन एखाद्या रविवारी जीव घेऊ शकतं. यात विनोद नाही.

कूलंट लावलं की ते पाळावं लागतं, कुत्रं-मांजर पाळतात तसं. :) सोल्युबल ऑइल साधारण ५ ते १० टक्के. पाण्यात तेल ओतायचं, तेलात पाणी नाही, नाहीतर ते नीट फुटून मिसळत नाही. बोअरचं जड पाणी वापरलं तर त्यातल्या क्षारांनी मिश्रण फाटतं. रोज पाणी उडून जातं, तेल राहतं, म्हणून रिफ्रॅक्टोमीटरने प्रमाण बघायचं आणि वरून पातळ मिश्रण घालायचं. भोसरीतल्या कुठल्याही शेडमध्ये सोमवारी सकाळी नाकाला जो सडक्या अंड्यांचा वास येतो, त्याचं कारणही सरळ आहे. शनिवारी पंप बंद होतो, मशीनचं वंगण टाकीवर सायीसारखं पसरतं, खाली हवा पोचत नाही, आणि हवेशिवाय जगणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड सोडायला लागतात. साय काढून टाकली आणि सुट्टीतही फिश टँकचा छोटा हवेचा पंप चालू ठेवला तर निम्मं काम होतं.

आता त्या माणसाबद्दल. मशीन हौसेचं असेल तर आपण आठवड्यातून चार तास त्याच्यासमोर उभे राहतो. पण ओळखीतल्या एकाने हौसेचा धंदा केला, ड्रोनचे भाग बनवायला एक शेड घेतली आणि आयटीआय केलेला एक मुलगा ठेवला. मागच्या वर्षी तिथे गेलो होतो. मुलाच्या बोटांच्या बेचक्यांतली कातडी लाल, सोललेली. म्हटलं, "काय झालं रे?" तर म्हणाला, "काही नाही दादा, कूलंटने होतं. सगळ्यांनाच होतं." टाकी शेवटची कधी साफ केली, ते कोणालाच आठवत नव्हतं. हातमोजे घाल म्हणावं तर फिरत्या स्पिंडलजवळ हातमोजे घालायचे नसतात, ते कटरमध्ये ओढले जातात.

"सगळ्यांनाच होतं" या वाक्याची मला भीती वाटते. ते सगळ्यांना व्हायलाच हवं असं काही नाही. प्रमाण जास्त झालं, टाकी सडली, चिप्स भरलेल्या फडक्याने हात पुसले, की ते होतं. आणि हे फक्त कातडीपुरतं नाही. बर्मिंगहॅमजवळ लाँगब्रिजला मोटारींची इंजिनं बनवणाऱ्या कारखान्यात २००३-०४ मध्ये कूलंटच्या तुषारांमुळे ८७ कामगारांना फुप्फुसांचे आजार झाले, दमा आणि त्याहून वाईट. अमेरिकेच्या नायॉशने १९९८ सालीच सुचवलं होतं की हवेत हे तुषार घनमीटरला अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षा जास्त नकोत. म्हणून बंद खोलीत ते स्वस्तातले मिस्टचे नोझल लावणाऱ्यांना माझं सांगणं आहे की बाबांनो, खिडकी उघडा, किंवा ते लावूच नका. जे हवेत उडतं ते कोणाच्या तरी छातीत जातं.

शेवटी टाकी रिकामी होते तेव्हा ते दुधाळ पाणी कुठे जातं? बहुतेक ठिकाणी मोरीत, तिथून गटारात, पुढे पवना किंवा मुठा. वापरलेलं तेल आणि तेलकट पाणी २०१६च्या नियमांनुसार घातक कचरा आहे आणि कारखान्यांसाठी रांजणगावला त्याच्या विल्हेवाटीची सोय आहे. घरी वीस लिटर असेल तर ते ड्रममध्ये साठवा आणि ज्या मोठ्या वर्कशॉपचं तेल अधिकृत गाडी घेऊन जाते, तिथे विनंती करून द्या. हौसेचं पाणी ब्रशइतकं कमी ठेवण्याचं हेही एक कारण.

थोडक्यात, माझा हिशोब असा की मशीनला एक लाख ठेवले असतील तर ऐंशीचं मशीन घ्या. उरलेल्या वीसमध्ये स्टँड, ट्रे, आरसीसीबी, हवेची नळी आणि एक रिफ्रॅक्टोमीटर बसवा. ऐंशीचं मशीन पक्क्या स्टँडवर लाखाच्या डगमगत्या मशीनपेक्षा चांगलं कापेल असं माझं ठाम मत आहे. वाद घालायला मी तयार आहे.

आणि मशीनवर दुसरं कोणी काम करणार असेल तर स्टँडची ऑर्डर देण्याआधी त्याला तिथे उभं करा, कोपर वाकवायला सांगा आणि टेपने माप घ्या. एक मिनिट लागतं. त्या मुलाचं माप अजूनपर्यंत कोणी घेतलं नव्हतं.