कुंडी आधी की तपासणी?

आधी एक कबुली! मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे 'स्लज'ला मराठीत काय म्हणतात हे आजीला फोन करून विचारावं लागलं. ती हसून म्हणाली, "अगं, गाळ म्हणतात त्याला. एवढं शिकून काय उपयोग?" तर मित्रमैत्रिणींनो, हा लेख त्या गाळाविषयी.

गेल्या पावसाळ्यात एन.एस.एस.तर्फे आपण टेकडीवर दीडशे रोपं लावली. फोटो झाले, वडापाव झाले, आणि मागे राहिल्या दीडशे काळ्या प्लास्टिकच्या पिशव्या! त्या गोळा करतानाच मिनी प्रोजेक्ट सुचला: कागद कारखान्याच्या गाळाच्या कुंड्या.

कल्पना साधी आहे. कागद कारखान्याचं सांडपाणी मोठ्या टाकीत संथ ठेवलं की तळाशी गाळ बसतो. कागदासाठी निरुपयोगी ठरलेले आखूड तंतू, पांढरी चिकणमाती आणि चुनखडीची भुकटी हा त्यातला मुख्य माल. वाळताना तंतू एकमेकांना घट्ट धरतात, म्हणून ओला गाळ साच्यात दाबून वाळवला की कुंडी तयार. रोप कुंडीसकट खड्ड्यात ठेवायचं. मुळं भिंतीतून बाहेर पडतात, तंतू जिवाणू खातात. पिशवी फाडायला नको, उचलायला नको.

आमची पहिली कुंडी चौथ्या दिवशी पाणी घालताच बसली. दुसरी टिकली, पण रोप पिवळं पडलं. तंतूंमध्ये कार्बन भरपूर, नायट्रोजन नाममात्र. मग जिवाणू मातीतला नायट्रोजन ओढून घेतात आणि रोप उपाशी! शेणखत मिसळल्यावर तिसरी जमली. आम्ही खूश.

व्हायवाला एक्स्टर्नल सरांनी विचारलं, "या गाळात तंतूंशिवाय काय काय आहे?" आम्ही तिघी गप्प. तपासलंच नव्हतं...

त्याची मला अजून लाज वाटते. अमेरिकेतल्या मेन राज्यात शहरी सांडपाण्याचा आणि कागद कारखान्यांचा गाळ अनेक वर्षं खत म्हणून शेतांत पसरला गेला. त्यात 'पीफास' ही सहजी न विघटणारी रसायनं निघाली. कागदाला तेल लागू नये म्हणूनही ती वापरली जात. चाऱ्यातून ती गायींच्या दुधात उतरली, शेतकऱ्यांचा दुधाचा धंदा बुडाला. २०२२ मध्ये तिथे असा गाळ शेतात टाकायला आणि त्याचं कंपोस्ट विकायला कायद्याने बंदी आली.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. 'बायोडिग्रेडेबल' या शब्दावर भाळू नका. तंतू कुजतात, कॅडमियम, शिसं कुजत नाही. आपल्याकडे शहरी कंपोस्टसाठी मर्यादा ठरलेल्या आहेत: किलोमागे कॅडमियम ५ मिलिग्रॅम, शिसं १०० मिलिग्रॅम. गाळाच्या कुंडीलाही निदान हीच कसोटी लावावी. आणि कारखान्यांनी तंतूंचं पाणी रसायनांच्या पाण्यात मिसळण्याआधीच वेगळं काढावं. एकदा सगळं एका टाकीत गेलं की निवडणार कोण?

कुंड्या जरूर करूया, पण रिपोर्ट हातात घेऊन. टेकडीवरच्या पिशव्या निदान डोळ्यांना दिसत होत्या, आपण उचलून आणल्या. मातीत मुरलेलं शिसं कोण उचलणार?

– तृतीय वर्ष, केमिकल