कामाला हात लावण्याआधी कागद करा

पनवेल तालुक्यातील गव्हाण एके काळी भातशेती आणि खाडीच्या आधारावर जगत होते. 1970 साली सिडको स्थापन झाली. 1989 साली शेजारचे न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. 12 जानेवारी 2024 रोजी अटल सेतूचे उद्घाटन झाले. त्याच दिवशी खारकोपर-उरण रेल्वे सुरू झाली आणि डिसेंबर 2025 मध्ये गव्हाणला स्टेशन मिळाले. डिसेंबर 2025 पासून नवी मुंबई विमानतळावरून विमानेही उडू लागली. गव्हाण-उलवे पट्ट्यात इमारतींवर इमारती उभ्या राहत आहेत. गवंडी, फरशीवाले, प्लंबर, फॅब्रिकेटर, रंगारी या सर्वांना येथे काम आहे. प्रश्न कामाचा नाही, केलेल्या कामाचे पैसे पदरात पडण्याचा आहे.

बिल्डर मुख्य ठेकेदाराला काम देतो, तो पेटी ठेकेदाराला आणि तो मुकादमाला. आपला कारागीर बहुधा या साखळीच्या शेवटच्या कडीला असतो, आणि त्याचा व्यवहार तोंडी असतो. भाव ठरतो, थोडी उचल मिळते, काम सुरू होते. तंटा उभा राहतो तो मोजमापाच्या दिवशी. प्लास्टरमध्ये दारे-खिडक्यांची वजावट किती? परांचीचा खर्च कोणाचा? नंतर सांगितलेले जादा काम कोणत्या भावाने? आयएस 1200 या भारतीय मानकाप्रमाणे प्लास्टर मोजताना अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या भोकाची वजावट करीत नाहीत. पण मोजमाप कोणत्या पद्धतीने हे आधी ठरलेच नसेल, तर मानकाचा दाखला देऊन उपयोग काय?

1872 च्या करार कायद्यानुसार तोंडी करारही चालतो. मात्र तो सिद्ध करावा लागतो, आणि तेथेच कारागीर हरतो. केलेल्या कामाच्या पैशासाठी दावा लावण्याची मुदत साधारणपणे काम झाल्यापासून तीन वर्षे असते. 'आज देतो, उद्या देतो' यातच ती निघून जाते.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच की कामाला हात लावण्याआधी एक पानाचा कागद करावा. त्यात कामाचे वर्णन, भाव, माल कोणाचा, मोजमापाची पद्धत, जादा कामाचा भाव, बिल किती दिवसांनी आणि अनामत कापली तर ती परत कधी, हे सर्व लिहावे. खाली दोघांच्या सह्या घ्याव्यात. प्रत्येक मोजमापावर साइट इंजिनिअरची सही घ्यावी आणि मोबाईलवरचे संदेश पुसू नयेत.

कागद मागितला तर काम दुसऱ्याला जाईल, असे अनेकजण म्हणतात. ही भीती खोटी नाही. यावर दोन उपाय आहेत. एका साइटवरच्या सर्व कारागिरांनी एकच नमुना पुढे करावा, म्हणजे कोणी एकटा पडणार नाही. तेही जमले नाही तर आठवड्याला हिशेब मागावा. पहिला आठवडा चुकता झाल्याशिवाय तिसरा सुरू करू नये. म्हणजे बुडाले तरी दोन आठवड्यांचेच बुडेल, वर्षाची कमाई जाणार नाही.

आमच्या ठेकेदार बांधवांनाही एक सांगणे आहे. वरच्याकडे कागद मागणाऱ्याने खालच्या मजुराला हजेरीचा कागद नाकारू नये. बांधकाम कामगार कल्याण मंडळातील नोंदणीसाठी 18 ते 60 वय आणि मागील बारा महिन्यांत 90 दिवसांचे काम लागते. ते काम केल्याचा दाखला मालक किंवा ठेकेदार देऊ शकतो. बांधकामाच्या खर्चावर जो उपकर घेतला जातो, तो या कामगारांसाठीच आहे. दाखल्याअभावी मजूर त्याला मुकत असेल तर तो दोष वरच्या बिल्डरचा नाही.

शब्दाला किंमत आहेच. पण जो शब्द पाळणार आहे, त्याला तो लिहून द्यायला अडचण का वाटावी?